सगळ्यांसमोर फाडलं की दारू सुटते?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: व्यसनींचा ग्रुप घ्यायला प्रशिक्षण कशाला? स्वतः दारू सोडलेला माणूस बसवा. त्यानं खोटं बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर फाडावं, पुन्हा प्यायला तर हाकलावं.

सोडलेल्या माणसावर विश्वास लवकर बसतो, हे खरं. पण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आपसातल्या संघटनेच्या मीटिंगमध्ये सहसा एकमेकांच्या शेअरिंगवर बोलत नाहीत. समुपदेशनाच्या ग्रुपमध्ये नेमकं तेच घडवून आणायचं असतं. शिवाय आत घेण्याआधी प्रत्येकाला एकट्याला भेटावं लागतं. शेवटचं कधी प्यायलात? हात थरथरतात? पूर्वी फिट आली होती? दारू थांबल्यावर फिट बहुधा पहिल्या 2 दिवसांत येते, भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. असा धोका दिसला, तर त्या माणसाला ग्रुपमधली खुर्ची नको, आधी डॉक्टर हवा.

‘फाडणं’ जुनंच आहे. कॅलिफोर्नियात 1958 साली सुरू झालेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेत एकाला मध्ये घेऊन बाकीचे तुटून पडत. ती संस्था पुढे हिंसेपर्यंत गेली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात (एकेकट्याच्या समुपदेशनाच्या) समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं वर्षभरानंतर त्या माणसाचं पिणं जास्त दिसलं. “मी कधीही सोडू शकतो” असं कुणी म्हटलं, तर वाद घालू नका. “मागे सोडली होती तेव्हा काय कामी आलं? पुन्हा कशानं सुरू झाली?” असं विचारा. किंवा ग्रुपकडे वळा: “हे वाक्य इथं आणखी कुणी म्हटलंय?” मग गप्प बसा. नवख्याला ती शांतता सोसत नाही आणि तो लेक्चर सुरू करतो.

पिण्याचे किस्से रंगू लागले की ऐकणाऱ्यांना तलफ येते. तिथंच थांबवून “त्याच्या आधीच्या तासात काय झालं?” एवढंच घ्या. आठ-दहा जण, दीड तास हे माप बरं. शेवटच्या 15 मिनिटांत नवी जखम उघडायची नाही. रडवून घरी पाठवलेला माणूस वाटेत गुत्त्यावर थांबू शकतो.

आता हाकलणं. प्यायलेल्या अवस्थेत आलेल्याला सहसमुपदेशकानं बाहेर न्यावं, घरच्यांना बोलवावं, गाडीची किल्ली काढून घ्यावी, पुढच्या बैठकीची वेळ द्यावी. तो सहसमुपदेशक शेजारी नाही, समोर बसलेला असावा; तुमच्या पाठीमागचं दार त्यालाच दिसतं. गर्द (हेरॉइन) घेणाऱ्याच्या बाबतीत जोखीम फार मोठी. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुन्याच मात्रेनं श्वास थांबू शकतो. म्हणून घसरलेल्याला त्याच दिवशी एकट्याला भेटायचं, आणि पहिला प्रश्न ‘का घेतलीस?’ नाही, ‘किती आणि कधी?’