बंडूचे बाबा, अकाउंट्स विभाग

पुण्यात मुलं परदेशी गेली की घरात दोन गोष्टी मागे उरतात. एक ट्रेडमिल आणि दुसरा कुत्रा. ट्रेडमिलचं बरं असतं, तिच्यावर कपडे वाळत घालता येतात. कुत्र्याला मात्र दोन्ही वेळा फिरवून आणावं लागतं. आमच्या लेकीने ब्रूनो नावाचं लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं, ‘बाबा, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही’ असं देवासमोर सांगितलं आणि दीड वर्षात जर्मनीला शिकायला निघून गेली. तोवर ब्रूनोचा बंडू झाला होता. ही म्हणाली, ‘ब्रूनो अशी हाक मारली की कुणाला तरी शिव्या दिल्यासारखं वाटतं.’ बंडूनेही नव्या नावाला हरकत घेतली नाही. जेवायला बोलावणार असतील तर तो कुठल्याही नावाने येतो.

बाणेरला एका काचेच्या इमारतीत आमची कंपनी आहे. तिच्या अकाउंट्स विभागात मला २२ वर्षं झाली. कंपनी नेमकं काय करते ते मला नीटसं ठाऊक नाही, किती खर्च करून करते ते ठाऊक आहे. तर गेल्या जूनमध्ये एचआरचा मेल आला की येत्या शुक्रवारी ज्यांच्याकडे कुत्रे आहेत त्यांनी ते कामावर आणावेत. अमेरिकेत पेट सिटर्स इंटरनॅशनल नावाच्या संस्थेने १९९९ साली हा दिवस सुरू केला, आणि तो ‘फादर्स डे’नंतरच्या शुक्रवारी असतो, अशीही माहिती खाली होती. म्हणजे बापाला रविवारी घरच्या घरी उरकायचं, आणि कुत्र्यासाठी भर कामाचा दिवस. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मेलला एक संशोधनही जोडलं होतं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने २०१२ साली ते प्रसिद्ध केलं. उत्तर कॅरोलिनातल्या एका कंपनीत लोक रोज आपापले कुत्रे घेऊन येतात, आणि ज्यांचा कुत्रा शेजारी बसलेला असतो त्यांचा ताण दिवसभरात कमी होत जातो, असं त्यात निघालं. मला संशोधनाचंही शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे, बॅलन्सशीटमुळे. तिकडे मला दोन गोष्टी दिसल्या. ज्यांचे कुत्रे घरी होते आणि ज्यांच्याकडे कुत्रेच नव्हते, त्या सगळ्यांचा ताण संध्याकाळपर्यंत वाढला होता. आणि ही कंपनी विकते काय, तर चिनी मातीच्या कपबशा. कपबशांचा ताण कुणी मोजला नव्हता.

अटींची यादी मोठी होती. महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचा दाखला, जंतांचं औषध दिल्याची तारीख, आणि कुत्रा मनमिळाऊ असल्याचं मालकाचं हमीपत्र. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या मनमिळाऊपणाची चौकशी झाली नव्हती. झाली असती तर अकाउंट्समध्ये घेतलंच नसतं.

बंडूला नेण्याचा माझा अजिबात विचार नव्हता. पण त्याच शुक्रवारी भाचीच्या डोहाळजेवणासाठी ही नाशिकला निघाली, आणि शेजारच्या काकूंनी मागच्या वेळी बंडूला सांभाळलं होतं तेव्हाचा सोफ्याचा विषय अजून मिटलेला नाही.

सकाळी साडेआठला मी आणि बंडू कोथरूडच्या कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहत उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. पहिला रिक्षावाला नाही म्हणाला. दुसरा नाही म्हणाला. तिसऱ्याने मान हलवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. कुत्रा आहे म्हणून नाही म्हणतायत, की नेहमीसारखंच नाही म्हणतायत, हे पुण्यात कळायला मार्ग नसतो. चौथा मात्र स्वतःहून थांबला. त्याच्या आरशाला भंडाऱ्याची पुडी लटकत होती. म्हणाला, ‘बसा काका. खंडोबाचं जनावर आहे, त्याला नाही म्हणायचं नसतं.’ मी एकटा असतो तर म्हणाला असता का, असं विचारायचं ओठावर आलं होतं, पण गिळलं. पाषाणमार्गे बाणेरला सोडलं, मीटरप्रमाणे पैसे घेतले आणि हाफ रिटर्न मागितलं नाही. उतरल्यावर मी मीटरकडे नाही, आकाशाकडे पाहिलं.

तेवढ्यात बंडूला रस्त्यातलं डबकं दिसलं. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रात जाळी ओढायचे. अंगावर केसांचे दोन थर, बोटांना पडदे, बदकालाही हेवा वाटावा असा सगळा सरंजाम. या जातीला बाणेर रोडच्या डबक्यापासून लांब ठेवायला माझ्यासारखा साठीकडे झुकलेला माणूस नेमणं ही व्यवस्थापनाची चूक आहे. ३४ किलोंचा बंडू पुढे आणि मी मागे, असे आम्ही गेटपर्यंत गेलो. खरं म्हणजे घसरत गेलो.

वॉचमन नियमाचा पक्का. बाहेरचा कोणीही आला की वहीत नोंद झालीच पाहिजे. ‘नाव?’ बंडू. ‘कुणाला भेटायचंय?’ मी म्हटलं, ‘सगळ्यांना.’ त्याने तसंच लिहिलं. ‘काम?’ यावर आम्ही दोघंही थांबलो. शेवटी त्याने वरच्या ओळीतलंच ‘मीटिंग’ उतरवून घेतलं आणि पाहुण्यांचं स्टिकर बंडूच्या पट्ट्यावर चिकटवलं. बंडूने ते लिफ्टमध्ये खाल्लं.

ओल्या कुत्र्याला तो वास का येतो, हे मी त्या दिवशी वाचून काढलं, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते. केसांवर सूक्ष्म जीव असतात, त्यांनी तयार केलेले पदार्थ पाण्याच्या वाफेबरोबर उडतात आणि आपल्या नाकात येतात. बंद खिडक्या आणि एसी असलेल्या कचेरीत ते कुठे जाणार? दहा वाजेपर्यंत आमचा पूर्ण मजला भिजलेल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला होता.

इतर कुत्रेही आले होते. मार्केटिंगच्या मुलीचा बीगल, कोडिंगवाल्या एका पोराने रस्त्यावरून उचलून वाढवलेली गुणी गावठी कुत्री, आणि डायरेक्टरसाहेबांचा शिहत्झू. कंपनीतला सगळ्यात मोठा हुद्दा आणि सगळ्यात लहान कुत्रा. तो पुढे आला, बंडूच्या पुढच्या पायाइतका होता, आणि भुंकला. माझ्या पोटात गोळा आला. अप्रेझल जुलैत असतं. पण बंडू एक पाऊल मागे सरला, कान पाडले, शेपूट आत घेतली आणि माझ्या टेबलाखाली जाऊन बसला. त्याला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. घराणं म्हणून काही असतंच.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. पहिला प्रश्न, ‘चावतो का?’ हा प्रश्न मला अकरापर्यंत सतरा जणांनी विचारला, त्यातल्या दोघांनी दोनदा. शेवटी मी मूळचा सदाशिव पेठेतला, सहनशक्ती संपली की हात आपोआप मार्करकडे जातो. टेबलावर पाटी लावली: ‘येथे कुत्रा बसला आहे. चावतो का, असे विचारू नये. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. आपण पहिले ठरू नये.’ प्रश्न थांबले. पाटीचे फोटो काढायला मात्र रांग लागली.

दुसरा छळ खाण्याचा. कुत्र्याला चॉकलेट विषासारखं असतं, द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, कांदा-लसूण रक्ताला बाधतात. हे मी सगळ्यांना सांगत फिरलो. पण प्रत्येक मराठी माणसाच्या बालपणात एक मोत्या असतो. ‘अहो, आमच्या वाड्यातला मोत्या वरण-भात खायचा, शिळी भजी खायचा, सोळा वर्षं जगला!’ या मोत्यापुढे आधुनिक पशुवैद्यकाचं काही चालत नाही. त्यातून लॅब्राडॉर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की या जातीतल्या जवळजवळ एक चतुर्थांश कुत्र्यांच्या एका जनुकात खोट असते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. बंडू त्या एक चतुर्थांशात असावा, आणि उरलेल्यांचंही तोच खात असावा. दीड वाजता आमच्या वरिष्ठ लेखापालांनी डबा उघडला, क्षणभर मान वळवून पाण्याची बाटली घेतली, आणि पोळी गेली. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते. आमचे लेखापाल दर वर्षी वारीला जातात, पण धावले ते डब्याचं झाकण घेऊन. भाजी कोबीची होती. तिला त्याने तोंड लावलं नाही.

जेवणानंतर बंडूने मजल्याची तपासणी केली. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ६० लाख, कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत. मी भागाकार करून पाहिला, पन्नास पट. हे नाक तो प्रत्येक खणाला लावत निघाला. ज्यांनी साखर सोडली होती त्यांच्या खणापुढे तो बसला. ज्यांचा निर्जळी उपास होता त्यांच्या बॅगेपुढे बसला. मार्चपासून ‘स्टॉकमध्ये नाही’ असं ऐकत असलेली बाकरवडी स्टोअरच्या कपाटातून निघाली. आणि एका फार वरच्या खणापुढे तो इतका वेळ बसून राहिला, की मी त्याला ओढून आणलं आणि तिथे पेढे आहेत हे कुणालाही सांगितलं नाही. आत्ताही कुणाचा खण ते सांगत नाहीये.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच शुक्रवारी ऑडिटर यायचे होते. तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरलेली, कुत्र्यांची आठ दिवसांपूर्वी, आणि एचआर व अकाउंट्सचं बोलणं फक्त मेलवर. अडीच वाजता दोन तरुण सीए लॅपटॉप घेऊन मीटिंग रूममध्ये शिरले. कुठलीही बॅग उघडणार असेल तिथे बंडू आधी जातो, या नियमाने तोही शिरला. मोठे ऑडिटर म्हणाले, ‘मला कुत्र्यांची अजिबात भीती नाही.’ हे ते खुर्चीवर उभे राहून म्हणाले.

बंडूला काढायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. पण जेवलेल्या लॅब्राडॉरला हलवायचं तर दोन माणसं आणि एक सतरंजी लागते. त्याने खाली ठेवलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर अंग टाकलं आणि घोरायला लागला. ऑडिटरनी प्रवासखर्चाची फाइल मागितली. मी बोट दाखवलं. फाइल बंडूच्या पोटाखाली होती. ‘काढता का?’ मी म्हटलं, ‘झोपमोड झालेली त्याला आवडत नाही.’ हे खरं आहे, घरीही तो त्यावरून दिवसभर तोंड पाडून बसतो. त्यांनी वेगळा अर्थ घेतला असेल तर त्याला मी काय करणार? ‘राहू दे, नमुन्यादाखल दुसरी बघू,’ ते म्हणाले. मागच्या वर्षी त्यांच्या शंका ४३ होत्या. या वेळी चार. त्यातली एक ‘हा उठणार कधी?’ अशी होती.

साडेपाचला डायरेक्टरसाहेब स्वतः खाली आले. २२ वर्षांत पहिल्यांदा. वाकून बंडूच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचं वय विचारलं, काय खातो विचारलं, उन्हाळ्यात त्रास होतो का विचारलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘आपण?’ एचआरची मुलगी चटकन म्हणाली, ‘सर, हे बंडूचे बाबा.’

तेव्हापासून माझं नाव तेच आहे. सोमवारी लिफ्टमध्ये ओळख नसलेली माणसं विचारू लागली, ‘बंडूचे बाबा, बंडू नाही आला?’ सगळ्यांनी मिळून व्यवस्थापनाला निवेदन दिलं की कुत्र्यांचा शुक्रवार दर महिन्याला हवा. ते दोन दिवसांत मंजूर झालं. कॅन्टीनच्या चहात आलं टाकावं, हे आमचं निवेदन सहा वर्षं विचाराधीन आहे. कुत्र्यांसाठी पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत सावली केली, पाण्याची भांडी ठेवली, आणि दुपारी झोपायला गाद्यासुद्धा टाकल्या. दुपारची झोप! ज्या गावात एक ते चार दुकानं बंद ठेवायची परंपरा, त्या गावातल्या माणसांना नाही आणि कुत्र्यांना गाद्या.

पाचवा मजला डायरेक्टर लोकांचा. तिथे इटालियन कॉफी मशीन आहे. तिचं बिल मीच पास करतो, दर तिमाहीला, पण आमच्या कार्डाने तिथलं दार उघडत नाही. आमच्या मजल्यावर बटण दाबलं की तिन्ही चवींचं एकच पाणी येतं.

जुलैतल्या शुक्रवारच्या आधी एचआरने कुत्र्यांना ओळखपत्रं दिली. बंडूचा फोटो छान आलाय. माझा कार्डावरचा फोटो अजून २२ वर्षांपूर्वीचा आहे, वॉचमन दर चार-पाच महिन्यांनी शंका घेतो. बंडूच्या कार्डावर नाव, ‘अकाउंट्स विभाग’, रक्तगटाच्या जागी लशीची तारीख. गच्चीवर जाता यावं म्हणून पाचवा मजला चालू.

त्या शुक्रवारी बंडूचं पोट बिघडलं होतं, त्याला मी घरी हिच्यापाशी ठेवला. अकराच्या सुमाराला सहज त्याचं कार्ड पाचव्या मजल्याच्या दाराला लावून पाहिलं. हिरवा दिवा लागला. कॉफी खरोखरच चांगली आहे.