वाढीव गुण आणि बाईंचा तंबोरा

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या माझ्या शाळासोबत्यांमध्ये दरवर्षी एकच वाद पेटतो: शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना मिळणारे वाढीव गुण ठेवावेत की बंद करावेत. बंद करा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की मुले गाण्यासाठी नव्हे, गुणांसाठी क्लासला जातात आणि दहावी झाली की तंबोऱ्यावर गवसणी चढते ती कायमची. त्यावर कुणीतरी हटकून पुस्ती जोडतो की परदेशात मुले निव्वळ आनंदासाठी वाजवतात. मी १९ वर्षे मँचेस्टरमध्ये राहतो, तेव्हा निदान या पुस्तीबद्दल बोलायला हरकत नसावी.

इथे १८८९ साली स्थापन झालेली असोसिएटेड बोर्ड ही संस्था संगीताच्या परीक्षा घेते. तिच्या आठ ग्रेड आहेत, आणि सहावीपासून पुढच्या ग्रेडचे गुण विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी मोजले जाऊ शकतात. मुलीच्या व्हायोलिनच्या परीक्षेआधी इथले पालक जितके हवालदिल होतात, तितके मी सदाशिव पेठेतही पाहिलेले नाहीत.

शिवाय परीक्षेला नावे ठेवताना आपण एक विसरतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या चौकटीत आणून सामान्य घरांतल्या मुलांसाठी खुली केली. घरात गाण्याचा गंधही नसलेला माझ्यासारखा कारकुनाचा मुलगा गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या माडीवर पोचला, तो ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायचा म्हणूनच.

बाई आमची तयारी परीक्षेचीच करून घेत. पण शिकवणीचा पहिला पाव तास तंबोरा लावण्यात जाई आणि त्याला आमच्या परीक्षेत गुण नव्हते. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा खुंटीने षड्जावर (‘सा’वर) आणायच्या, उरलेला केसभर फरक मणी सरकवून काढायचा आणि मग घोडीवर तारेखालचा दोरा इतका हळू हलवायचा की एका क्षणी बोदा आवाज उघडून तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’ हा सूर, ऐकू यावा. ‘प्रवेशिका’ ही पुढची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, भूप रागाच्या ताना बसल्या नव्हत्या, तरी बाई म्हणाल्या, “अजून तो बोलत नाहीये, घाई कसली?” मला द्वितीय श्रेणी मिळाली. त्याचे वाईट आईला वाटले. बाईंनी श्रेणी विचारलीसुद्धा नाही. पुढे मी गायक झालो नाही, पण एखादी गोष्ट ‘जवळपास बरोबर’ आहे म्हणून सोडून देणे मला तेव्हापासून जमत नाही, आणि कार्यालयात त्यामुळे मी फारसा लोकप्रिय नाही.

म्हणून वाढीव गुण खुशाल ठेवावेत असे माझे मत आहे. प्रश्न त्या पाव तासाचा आहे. माझ्या मुलीचे शिक्षक अतिशय चांगले आहेत; पण त्यांना अर्ध्या तासाचे पैसे मिळतात आणि पुढचा विद्यार्थी दारात उभा असतो. बाईंना वेळ देता आला तो काही केवळ गुरुपरंपरेच्या पुण्याईने नव्हे. यजमानांचा पगार बँकेतून येत होता आणि वाड्यातल्या खोल्यांचे भाडे नाममात्र होते, हे आपण भाबडेपणाने विसरतो. आज कोथरुडमध्ये हॉल भाड्याने घेऊन शिकवणाऱ्या शिक्षकाला एका बॅचमध्ये बारा मुले बसवल्याशिवाय तो हॉल परवडत नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला संगीतशिक्षक तर घंटा वाजली की पुढच्या शाळेच्या वाटेला लागतो. गुणांवर तावातावाने बोलणारे माझे मित्र या हिशेबावर कधी बोलत नाहीत.

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो असताना भाचीच्या क्लासला तिच्याबरोबर गेलो होतो. शिक्षकांनी मोबाइलवरचा तंबोरा सुरू केला; तो उघडल्या क्षणी सुरात होता, आणि मुलांनी लगेच भूप गायला घेतला.