‘गूगल स्कॉलरवर सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांना

पीएचडीला नाव नोंदवलेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरतोय. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संशोधन-लेखांच्या शोधता येणाऱ्या संग्रहांत, डोकं घालू नका, गूगल स्कॉलर या गूगलच्या लेख शोधायच्या साधनावर सगळं मिळतं. विषय जसाच्या तसा टाइप करा. महागडे डेटाबेस आपल्याला मिळतच नाहीत. उरलंसुरलं एआयला विचारा. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. हा सल्ला मानून सहा-सहा महिने घालवलेली मुलं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘सगळं मिळतं.’ गूगल स्कॉलर २००४ पासून आहे, फुकट आहे, आणि एखाद्या लेखाचा पुढे कोणी आधार घेतला हे बघायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही. मीही रोज वापरते. पण वर हजारोंचा आकडा दिसला, तरी त्यातले पहिले १००० निकालच उघडता येतात. कोणती नियतकालिकं त्यात घेतली आहेत, याची यादी गूगल देत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले लेखही त्यात चांगल्या लेखांच्या शेजारीच येऊन बसतात. मग ‘या विषयावर आजवर काम झालेलं नाही’ हे वाक्य प्रबंधात कशाच्या जोरावर लिहायचं? एखाद्या प्रश्नावरचं आधीचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांसाठीची प्रिझ्मा २०२० ही नियमावली तर प्रत्येक डेटाबेसमध्ये नेमके कोणते शब्द टाकले, कोणत्या चाळण्या लावल्या, ते सगळं जसंच्या तसं मागते.

‘विषय जसाच्या तसा टाका.’ सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने होतं. एक विद्यार्थिनी आली होती. विषय मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. तिने अख्खं इंग्रजी वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं होतं, आणि निकाल शून्य. ‘मॅडम, यावर कुणी लिहिलेलंच नाही.’ २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली, आणि लिहिलेलं नाही कसं? अवतरणचिन्हं लावली की डेटाबेस तेच शब्द त्याच क्रमाने शोधतो. तेवढं लांब वाक्य जसंच्या तसं कोण लिहिणार?

संगणक बाजूला ठेवून आम्ही कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यात माणसं: शुगरकेन कटर, केन हार्वेस्टर, सीझनल मायग्रंट, आणि रोमन लिपीत ‘कोयता’सुद्धा, कारण इंग्रजी लेखातही हा शब्द तसाच येतो. दुसऱ्यात शस्त्रक्रिया: हिस्टरेक्टमी, यूटेरस रिमूव्हल. तिसऱ्यात जागा: महाराष्ट्र, मराठवाडा, बीड. आता बीडचंच बघा. आज आपण स्पेलिंग दोन ‘ई’ घालून करतो, जनगणनेच्या जुन्या कागदांत ‘बी-आय-डी’ आहे आणि जुन्या गॅझेटियरमध्ये ‘बी-एच-आय-आर’. यातलं एकच टाकलं तर बाकीचं निसटतं.

एका रकान्यातल्या शब्दांमध्ये ‘ऑर’ (यातला कोणताही चालेल), रकान्यांच्या मध्ये ‘अँड’ (प्रत्येकातलं काहीतरी हवंच), आणि प्रत्येक रकान्याला स्वतःचा कंस. कंस विसरू नका. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस डावीकडून उजवीकडे वाचत जातो; सगळ्या विषयांच्या मोठ्या डेटाबेसांपैकी स्कोपस आधी ‘ऑर’ सोडवतं, वेब ऑफ सायन्स आधी ‘अँड’. म्हणजे कंस नसतील तर एकाच ओळीचे तीन ठिकाणी तीन अर्थ.

शिवाय पबमेडमधल्या बहुतेक लेखांना मेश नावाच्या ठरलेल्या शब्दसूचीतले विषय जोडलेले असतात. तुम्ही ‘हार्ट अटॅक’ टाकलंत तरी ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या त्याच्या वैद्यकीय नावाखालचे लेखही काढून देतं, आणि शब्द अवतरणचिन्हांत घातला की नेमकी हीच सोय बंद पडते. अगदी नव्या लेखांना हे विषय जोडलेले नसू शकतात, म्हणून शीर्षक-सारांशातले साधे शब्दही सोबत शोधायचे. रकाने पाडण्यापासून निकाल चाळायला घेईपर्यंत आम्हाला पाऊण तास लागला. शून्याच्या जागी वाचण्याजोगी यादी आली.

‘महागडे डेटाबेस आपल्याला मिळत नाहीत.’ पबमेड कुणालाही खुलं आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं शोधगंगाही खुलं आहे, तिथे देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. मराठी विषय असेल तर देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडून शोधा. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःचं फुकट खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मिळवून देणारी एन-लिस्ट ही योजना आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ ही देशभरासाठी एकच वर्गणी भरायची केंद्र सरकारची योजना सुरू झाली: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात ते केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरतं आहे. खासगी महाविद्यालयातली मुलं बाहेर राहिली, हे मला मनापासून खटकतं. पण आपल्या संस्थेत काय आहे हे ग्रंथपालाला न विचारताच ‘मिळत नाही’ असा निरोप गटावर पुढे पाठवणं हा त्याच मुलांवर आणखी एक अन्याय आहे.

‘उरलंसुरलं एआयला विचारा.’ समानार्थी शब्द सुचवायला जरूर विचारा, रकाने भरायला त्याची मदत होते. संदर्भ मात्र मागू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्या ऊसतोडीच्या विषयाच्या विद्यार्थिनीच्या वहीतही एआयने दिलेले पाच संदर्भ होते. पहिल्यातलं नियतकालिक खरं, वर्ष खरं, खंड-अंकही खरा. आम्ही तो अंक उघडला. त्या पानांवर भलताच लेख होता. बाकीचे चार एकेक करून पाहिले, त्यांतले तीन कुठेच नव्हते. तिने पेनने चारही ओळी खोडल्या आणि उरलेल्या एका लेखाच्या संदर्भसूचीपासून वाचायला सुरुवात केली.