लाईट जायच्या आत रडून घ्यावं

व्हिडिओ गेम खेळून माणूस रडतो का, असं कोणी विचारलं तर वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत एकच उत्तर मिळेल: हो, सेव्ह करायच्या आधी लाईट गेली की रडतो. ते रडणं खरंच आहे, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण मी म्हणतोय ते दुसरं. आंब्याच्या पेट्या खांद्यावरून टेम्पोत चढवणारा धडधाकट तरुण, हातात कंट्रोलर धरून, गोष्टीतलं कोणीतरी गेलं म्हणून नाक ओढायला लागतो, ते. हा प्रकार पुष्कळ घरांत आहे आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही, कारण कोकणातल्या घरात रडायला जागा नाही.

तशी जागा भरपूर. खळं आहे, पडवी आहे, माजघर आहे. पण टीव्ही नेमका पुढच्या दारातून मागच्या दारी जाण्याच्या वाटेवर, आणि त्या वाटेने दिवसभर माणसं, मांजरं आणि नारळ जात असतात. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’च्या शेवटच्या स्वारीत घोडा पडतो, गोष्टीचा नायक आर्थर त्याच्या मानेवर हात ठेवून आभार मानतो, आणि बरोबर त्याच वेळी काकी पाखडायचं सूप घेऊन आत येते.

“काय झाला रे? कोण गेलो?”

“घोडो.”

“कोणाचो?”

याला उत्तर नाही. ‘माझो’ म्हणावं तर चौकशी वाढते, ‘गेममधलो’ म्हणावं तर देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, आणि ‘होय म्हाराजा’ म्हणायला सगळी वाडी हजर.

बरं, विचारणारी काकी कोण? जत्रेला रात्रभर दशावतारी नाटकासमोर बसून, आख्यानातली राणी वनवासाला निघाली की पदर डोळ्यांना लावणारी. ती राणी म्हणजे साडी नेसलेला पुरुष, हे तिला चांगलं ठाऊक असतं. संध्याकाळी तो तिच्याच दारात चहा पिऊन गेलेला असतो. तरी तिचं रडणं भक्तीच्या खात्यात आणि आमचं रिकामटेकडेपणाच्या. या हिशेबाला माझी हरकत आहे.

प्रश्न जुनाच आहे. १९८३ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने आपल्या जाहिरातीतच विचारलं होतं की कॉम्प्युटर माणसाला रडवू शकेल का. त्याच वर्षी इन्फोकॉम कंपनीचा ‘प्लॅनेटफॉल’ हा खेळ आला. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्यं. त्यात फ्लॉइड नावाचा, लहान पोरासारखा मागे मागे फिरणारा यंत्रमानव. प्रयोगशाळेत भयंकर प्राणी मोकाट सुटलेले, आतून एक कार्ड आणायचं असतं, आणि फ्लॉइड म्हणतो मी जातो. दार उघडायची आज्ञा आपणच टाइप करायची, तो आत गेला की लावायचीही आपणच. तो कार्ड घेऊन बाहेर येतो आणि आपल्याजवळच संपतो. चाळीस वर्षं झाली तरी जुने खेळाडू फ्लॉइडचं नाव काढलं की गप्प होतात.

गेमचं रडू डोळ्यांत दिसतं, पण निघतं अंगठ्यातून, असं माझं मत आहे. सिनेमात दार दुसरा कोणी लावतो. इथे लावणारे आपण.

याचा पक्का पुरावा म्हणजे २०१३चा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’. तीन-चार तासांचा खेळ. कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या असतात, त्या स्टिक, आणि बोटांखाली दोन खटके, ते ट्रिगर. डाव्या स्टिकवर थोरला भाऊ, उजव्या स्टिकवर धाकटा. डावा ट्रिगर थोरल्याचा हात, उजवा धाकट्याचा. धाकटा पाण्याला घाबरतो, कारण आई बुडून गेलेली. पाणी आलं की थोरल्याने पोहायचं आणि धाकट्याने त्याच्या पाठीला धरायचं. पुढे थोरला मरतो. डावी बाजू थंड पडते, डाव्या अंगठ्याला काही काम उरत नाही, आणि ही रिकामी जागा अंगठ्याला बरोबर जाणवते. मग पुन्हा पाणी येतं. धाकटा काठावर अडतो. उजवा ट्रिगर कितीही दाबा, हलत नाही. शेवटी नकळत बोट डाव्या ट्रिगरवर जातं, थोरल्याच्या, आणि पोरगा पाण्यात उतरतो. समजेल असं एक अक्षर बोललं जात नाही. इथे ज्याला काही होत नाही त्याने डॉक्टरला दाखवावं, किंवा आधी कंट्रोलर तपासावा.

कंट्रोलरचं मी गमतीत म्हणत नाही. किनाऱ्यावर हा मोठाच विषय आहे. साध्या अॅनालॉग स्टिकच्या पोटात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर एक बारीक पत्रा घासत फिरतो. पट्टा झिजतो, भुकटी साचते, दमट खारी हवा त्यात आपली भर घालते. मग स्टिकला हात न लावताही ती ढकलल्याचा संदेश जात राहतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. एरवी चालून जातं, पण करुण प्रसंगात वाट लागते. मित्राच्या थडग्यापाशी मान खाली घालून उभा राहायचा नायक हळूहळू डावीकडे सरकत कुंपणाला जाऊन भिडतो आणि तिथेच पाय झाडत राहतो. अशा वेळी कोण रडणार?

पहिला उपाय सेटिंगमध्ये: डेडझोन थोडा वाढवायचा, म्हणजे बारीक हालचाल गेम मोजतच नाही. दुसरा, कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुडाशी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडायचे, मिनिटभर गोल फिरवायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, अत्तरही नको. यावर काही आठवडे निघतात. पट्टाच झिजला असेल तर स्टिकचा सगळा भाग बदलून डाग द्यावा लागतो. नवीनच घेणार असाल तर हॉल इफेक्टच्या स्टिकवाला घ्यावा: त्यात घासणं नसून चुंबक असतो. खेळून झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. डबा सोलांचा नको. आणि लक्षात घ्या, अश्रूंनी कंट्रोलर बिघडत नाही. सोलकढीने बिघडतो.

आता लाईट. १९९७च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये एरिथ मरते. तीन डिस्कच्या खेळात पहिल्या डिस्कच्या शेवटी, तासन्तास लढवून तयार केलेली मुलगी एका तलवारीत जाते. (इतक्या जुन्या मरणाचं सुतक फिटलंय, तेव्हा मी गोष्ट फोडली अशी तक्रार करू नये.) लगेच राक्षसाशी लढाई सुरू होते आणि संगीतकार नोबुओ उएमात्सुने तिच्यासाठी बांधलेली धून त्या लढाईतही वाजतच राहते, त्यामुळे हल्ल्याचं बटण आणि नाक, दोन्ही एकदम सांभाळावं लागतं. मूळ खेळात ती गेल्यापासून तिला पाण्यात सोडेपर्यंत मधे सेव्ह नाही. एवढ्यात माडाची झावळी तारेवर पडली, तर एरिथला परत मारावं लागतं. दुसऱ्यांदा रडू येत नाही. तिसऱ्यांदा ‘आता आटप बाई’ असं वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज.

म्हणून इन्व्हर्टर. पण पंखा-दिव्यासाठी लावलेला इन्व्हर्टर लाईट गेल्यावर जागा व्हायला जो क्षण घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असते, ती तिकडे करून घ्यायची. मग बदल दहा-वीस मिलिसेकंदांत होतो आणि यंत्राला पत्ता लागत नाही. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, गळती धरून हाती बाराशे-तेराशे. कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, साधारण २०० वॉट, टीव्ही १००, पंखा ७५. म्हणजे बॅटरी नवी असेल तर तीन तासांचं दुःख बसतं, जुनी असेल तर जेमतेम एका मरणापुरतं. त्यात कोणी फ्रीज जोडला की तेवढंही नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ लखलखायला लागलं की मात्र प्लगच काढायचा, नायिका शेवटचा श्वास घेत असली तरी.

यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे लॅपटॉपवर रडावं. बॅटरी अंगातच असते, आणि उचलून माळ्यावर नेता येतो. २०११चा ‘टू द मून’ आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेला, चारेक तासांचा आहे. ऑफिसने टाकून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याला चंद्रावर जायचंय, का ते त्यालाच आठवत नाही, आणि घरभर बायकोने घडी घालून ठेवलेले कागदाचे ससे. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं आहेत म्हणून हसत बसू नये.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा २०१७चा खेळ मात्र कोकणी माणसाला सावधपणे द्यावा. त्यात ल्युईस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला असतो. उजव्या स्टिकने मासा ओढायचा, पात्याखाली धरून मुंडकं छाटायचं, धड पट्ट्यावर टाकायचं, पुन्हा पुढचा. आणि डाव्या स्टिकने त्याच्या डोक्यातलं कल्पनेचं राज्य चालवायचं. हळूहळू राज्य पडदाभर पसरतं, उजवा हात मात्र न बघता कापतच राहतो. माझ्या मते गेमच्या माध्यमाने केलेलं हे सगळ्यात हुशार काम. पण आपल्याकडचा माणूस तिथवर पोचतच नाही. मुंडकं बाजूला टाकलेलं बघून तो आधीच कासावीस होतो.

आईला शेजारी बसवून खेळायचंच असेल तर २०२३चा ‘व्हेन्बा’. कॅनडात गेलेली तमिळ आई, तिची फाटकी-डागाळलेली पाककृतींची वही, आणि तिच्या भाषेपासून लांब जाणारा मुलगा. पहिलाच पदार्थ इडली. आई पडद्यावरच्या इडलीच्या चुका काढण्यात गुंतते आणि तुम्हाला रडायला मोकळीक मिळते.

‘स्पिरिटफेअरर’ २०२०चा. आपण नाव चालवायची, मेलेल्यांना जेवू घालायचं, मिठी मारायची (त्याला चक्क बटण आहे) आणि वेळ झाली की शेवटच्या दारापर्यंत पोचवायचं. अ‍ॅलिस नावाची म्हातारी हेजहॉग (छोटा काटेरी प्राणी) हळूहळू विसरायला लागते, खेळणाऱ्यालाच स्वतःची मुलगी समजते. तिला हाताला धरून नावेच्या नाळेपर्यंत न्यावं लागतं. ती गेल्यावर तिचं घर नावेवर तसंच राहतं, पाडता येत नाही. कुलूपबंद घरांच्या वाडीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

एवढं सगळं करून पकडले गेलातच, तर कारणं. कांदा म्हणू नये: हातात कांदा लागतो, आणि मग वाटपाचे सगळेच चिरावे लागतात. धूर चालतो, पण न्हाणीघराची चूल खरंच पेटलेली हवी. पाऊस असेल तर ओल्या लाकडांमुळे कोणी शंका घेत नाही. सर्दी म्हटली की काळ्या मिरीचा काढा येतो, तो समोर उभं राहून पाजतात. सगळ्यात वाईट कारण ‘डोळे आलेत’. लगेच टॉवेल वेगळा, उशी वेगळी, पोरं लांब, येणारा-जाणारा प्रत्येक जण डोळ्यांत घालायचं एकेक औषध सुचवून जातो, आणि हे सगळं त्या पडद्यामुळेच झालं असं ठरून कंट्रोलर कपाटात, किल्ली काकीच्या कमरेला.