"काहीपण चालेल सर"

गेल्या रविवारी सांगलीत रोजगार मेळाव्यात आमच्या कंपनीच्या टेबलावर बसलो होतो. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. एवढी गर्दी की डबा तसाच घरी परत आला आणि त्यावरून बायकोनं ऐकवलं ते वेगळंच. तर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेलं वाक्य म्हणजे "काहीपण चालेल सर".

पोरं हे नम्रपणानं बोलतात हे कळतं मला. मोठ्यांपुढं मागायचं नाही, मिळेल ते घ्यायचं, असंच घरी शिकवलेलं असतं. पण समोर बसलेल्याला त्यातून एवढंच कळतं की ह्याला आपण काय बनवतो तेच माहीत नाही. बोर्डवर मोठ्ठं लिहिलंय सीएनसी ऑपरेटर, फिटर, क्वालिटी, तरी काहीपण! अरे बाबा, काहीपण नावाची जागा कुठल्याच कंपनीत नसते.

रेझ्युमे तर सगळे एकाच सायबर कॅफेतनं निघाल्यासारखे, वर 'चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट'मध्ये काम करायची इच्छा आणि खाली हॉबी क्रिकेट. एकाला विचारलं, चॅलेंजिंग म्हणजे काय रे? तो हसला, म्हणाला "कॅफेवाल्यानं घातलंय सर, मला टर्निंग येतं." टर्निंग म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवून कापायचं काम. मला आवडलं त्याचं उत्तर, लगेच बाजूच्या गठ्ठ्यात ठेवला त्याचा कागद.

मी टेबलावर एक व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि लेथवर काढलेली एक पिन ठेवली होती, आयटीआयवाला आला की म्हणायचं, माप सांग. बरीच पोरं घाबरून नुसतं "२४ सर" म्हणत होती. अरे, व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतं, २४ तर फूटपट्टीवर पण दिसतंय! आणि जतकडचा एक पोरगा, चपला घातलेल्या, शर्ट पण इस्त्रीचा नव्हता, त्यानं पिन हातात घ्यायच्या आधी व्हर्नियरचे जॉ, म्हणजे पकडायचे जबडे, मिटवून झिरोला झिरो जुळतोय का बघितलं, मग माप घेतलं आणि सांगितलं २४.३६. दिवसभरात आधी झिरो बघणारा तो एकटाच. शूज आणि टाय ह्यावर रील बनवणाऱ्यांनी ह्याचा पण विचार करावा.

पगाराचं विचारलं की इम्प्रेशन जातं असं पोरांना वाटतं. माझं मत उलटं आहे. बिनधास्त विचारा की भरती अॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ म्हणून आहे, कॉन्ट्रॅक्टवर आहे का कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीचा कामगार म्हणून. १९६१ च्या कायद्याखालची अॅप्रेंटिसशिप असेल तर स्टायपेंड मिळतो, पण पीएफ नसतो, आणि हे पहिल्या पगाराच्या दिवशी कळून भांडण्यापेक्षा टेबलावरच कळलेलं काय वाईट? ज्या कंपनीला ह्या प्रश्नाचा राग येतो तिथं तुम्ही न गेलेलंच बरं. आणि हो, नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथनं उठायचं, सरकारी मेळाव्यात एक रुपया लागत नाही.

आईवडील बरोबर आले तर येऊ देत, पण उत्तरं त्यांना देऊ देऊ नका. एका पोराला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या मामानं दिली, शेवटी मी मामालाच विचारलं, तुम्ही येताय का जॉईन व्हायला?

सोमवारी निवडलेल्या पोरांना फोन लावायला बसलो तर निम्मे नंबर बंद, काहीजण अनोळखी नंबर उचलतच नाहीत. रेझ्युमेवर चालू नंबर टाका रे, आणि मेळाव्यानंतर आठवडाभर तरी फोन उचला! त्या जतच्या पोराचा फोन त्याच्या आईनं उचलला, "पाण्याला गेलाय रानात, लाईट आत्ताच आलीया." म्हटलं असू दे मावशी, आला की फोन करायला सांगा. रात्री साडेदहाला आला फोन. "सर, ७ ची शिफ्ट म्हणजे गेटवर किती वाजता पाहिजे? कुपवाडात खोली बघायला लागंल मला."