"ॲपने काय होणार आहे?" – काकांच्या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

काका, नमस्कार. नाव लिहिलेलं नाहीये तुम्ही, पण नव्वदच्या दशकात दोन बॅगा घेऊन जर्मनीत आखेनला उतरलो होतो असं लिहिलंत म्हणून काकाच म्हणते. दोन ओळीत उत्तर देणार होते, जमेना, म्हणून इथे वेगळं लिहितेय. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, जर्मनीत शिकायला आलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आम्ही जे छोटं ॲप डिझाइन करतोय ते काकांच्या मते फॅड आहे, आधीच दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसणाऱ्या मुलांना अजून एक ॲप कशाला, त्यांना माणसं हवीत, मराठी मंडळं आहेत, आईला फुकटात व्हिडिओ कॉल लागतो, आमच्या वेळी महिन्यातून एकदा फोन व्हायचा तरी आम्ही तगलो, आणि शेवटी काय तर या मुलांचा डेटा गोळा करून कोणीतरी विकणार. झालं ना सगळं? काही सुटलं असेल तर सांगा.

"आम्ही तगलो" यावर फार बोलत नाही. तगलात, मान्य. जे तगले नाहीत ते कमेंट लिहायला येत नाहीत, एवढंच.

पण तेव्हाचा आणि आत्ताचा हिशोब एक नाहीये हो. २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला इथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी मुलांमध्ये सगळ्यात जास्त, चीनपेक्षाही. व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, ते महिन्याला ९९२ असे सुटतात, आता त्यात म्युनिकला खोली, इन्शुरन्स आणि जेवण बसवून दाखवा मला. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तर २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो फी पण आहे, म्हणजे "जर्मनीत शिक्षण फुकट" हे सगळीकडे खरं नाही. आणि हे पैसे बऱ्याच घरी कर्ज काढून, राहतं घर तारण ठेवून आलेले असतात. मुलगा इथे पेपर देत असतो तेव्हा तिकडे बापाच्या पगारातून हप्ता जायला लागलेला असतो. हे डोक्यात घेऊन अभ्यासाला बसायचं.

आता मंडळ. मी स्वतः इथल्या मंडळात आहे, गणपतीला सारणाची ड्यूटी माझ्याकडेच असते, त्यामुळे मंडळाविरुद्ध काही नाही माझं. पण नवीन मुलगा आला की आपण त्याला काय विचारतो आठवून बघा. कुठली युनी, कितवं सेमिस्टर, जॉबचं काय. प्रेमानेच विचारतो. ज्याचे तीन पेपर राहिलेत तो हसून काहीतरी उत्तर देतो, प्रसाद घेतो आणि पुढच्या कार्यक्रमाला येत नाही, आणि आपण म्हणतो की हल्लीची मुलं मिसळत नाहीत. शिवाय इथे बोललेली गोष्ट कोथरूडला पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हीच सांगा, कोणाची तरी मावशी कोणाच्या तरी सोसायटीत असतेच. तिथे कोण तोंड उघडणार?

आणि आईचा व्हिडिओ कॉल. ॲपसाठी मुलांशी बोलत होते तेव्हा एका मुलीने सांगितलं की कॉलच्या आधी ती टेबलाचा तेवढाच भाग आवरते जो कॅमेऱ्यात येतो. बाकी खोलीत कपड्यांचा ढीग, न धुतलेले मग, पण तेवढा चौकोन स्वच्छ. केस विंचरायचे, दिवा लावायचा, पंधरा मिनिटं छान बोलायचं, हो जेवले, हो फ्रोजन पोळ्या मिळतात इथे, हो थंडी आहे गं, आणि कॉल संपला की परत पांघरुणात. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, हिला रात्री दोनला झोप नसते तेव्हा घरी साडेसहा वाजलेले, आई उठलेली, व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसत असते. फोन लावायला काहीही अडत नाही. पण आई पहिलं विचारणार की तू एवढ्या रात्री जागी कशी, आणि नेमकं त्याचंच उत्तर तिच्याकडे नाहीये.

तर माणसं हवीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमचं ॲप माणूस व्हायचा प्रयत्नच करत नाहीये. त्या मुलीला तिच्या ओळखीच्या जगाबाहेरच्या एका माणसापर्यंत, ज्याचं हे कामच आहे अशा माणसापर्यंत पोचवायचं, बास. आणि तिथे ती आज का पोचत नाही हे विचारलंत तर मी सांगेन, अफवा आणि कागद.

अफवा म्हणजे, सीनियर लोकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या. थेरपिस्टकडे गेलं की व्हिसा रिन्यू होत नाही, युनिव्हर्सिटीला कळवतात, इन्शुरन्सचा हप्ता वाढतो. खरं काय, तर डॉक्टर आणि सायकोथेरपिस्ट यांनी पेशंटची गोष्ट बाहेर सांगितली तर तो जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम २०३ खाली गुन्हा आहे. युनिव्हर्सिटी असो, व्हिसा ऑफिस असो, तुमच्या संमतीशिवाय ते कोणालाही सांगू शकत नाहीत, अपवाद अगदी मोजके, जसं जिवाला तातडीचा धोका असेल तर. सरकारी इन्शुरन्समध्ये विद्यार्थ्याचा हप्ता तो थेरपीला गेला म्हणून वाढत नाही. हे ज्याला माहीत नाही तो मदत मागतच नाही, मग तुम्ही त्याच्या शहरात कितीही सेंटर उघडा.

आणि कागद म्हणजे, तुम्हाला सांगायला नको, जर्मनीत राहताय. इथे बहुतेक कोर्सला एका पेपरला दोन किंवा तीनच प्रयत्न असतात, शेवटचाही गेला की नाव काढतात, आणि मग तोच कोर्स सहसा जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आपल्याकडे एटीकेटीची सवय असलेल्या मुलाला हे पहिल्या सेमिस्टरला कळतं तेव्हा घाम फुटतो. आता याच्यावरच्या वाटाही त्याच नियमांत असतात. परीक्षेच्या दिवशी पॅनिक अटॅकने उठताच येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन अटेस्ट, म्हणजे आजारपणाचं सर्टिफिकेट, घ्यायचं आणि लगेच ऑफिसला द्यायचं, मग तो प्रयत्न मोजला जात नाही. मनाचं आजारपण तिथे चालतं, ताप असायलाच हवा असं नाही. पण पेपर देऊन, रिझल्ट बघून, मग मी आजारी होतो म्हटलं तर सहसा उपयोग नसतो. दीर्घ आजार असेल तर एक सेमिस्टर रजा घेता येते, त्याला उरलाउब्ससेमेस्टर म्हणतात, आणि ती घ्यायच्या आधी व्हिसा ऑफिसशी बोलून घ्यायचं असतं. परीक्षेला जास्त वेळ मागता येतो. हे सगळं एका जर्मन पीडीएफमध्ये कुठेतरी मधल्या पानावर असतं. जर्मन मुलगा घरी विचारतो, त्याच्या मोठ्या बहिणीने कदाचित तसं सेमिस्टर घेतलेलंही असतं. आपल्या नांदेडच्या नाहीतर साताऱ्याच्या घरात हे कोणाला माहीत असणार, सांगा?

म्हणून आमचं पहिलं पान "आज कसं वाटतंय, एक ते दहा" असं विचारत नाही. मला तो प्रश्नच आवडत नाही, रडकुंडीला आलेल्या माणसाला मार्क द्यायला लावायचे! पानावर पाच-सहा साधी वाक्यं आहेत. झोप लागत नाहीये. पेपर राहिले, आता काय. पैसे संपत आलेत. खोली मिळत नाहीये. घरी सांगता येत नाहीये. आणि सगळ्यात खाली, पण तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आत्ता मला स्वतःचीच भीती वाटतेय. या शेवटच्यावर बोट ठेवलं की माहितीचं पान येत नाही, थेट फोन लागायची सोय येते. ११२, शहरातल्या हॉस्पिटलची सायकियाट्रीची इमर्जन्सी, टेलेफोनझेलझॉर्गे या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ०८०० १११ ० १११, जो चोवीस तास चालतो, फुकट आहे, नाव विचारत नाही आणि बिलावरही दिसत नाही. बायर्नमध्ये असाल तर तिथल्या क्रायसिस सर्व्हिसचा वेगळा नंबर.

अडचण अशी की टेलेफोनझेलझॉर्गेवर बोलतात जर्मन. रात्री दोनला, थरथरत असताना, बी-वन लेव्हलचं, म्हणजे कामापुरतं येणारं, जर्मन कुठे जातं ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून नंबरच्या वरच एक वाक्य मोठं लिहिलंय, खाली देवनागरीत उच्चार, "इश ब्राउखे हिल्फे, श्प्रेखन झी एंग्लिश?" म्हणजे मला मदत हवीय, इंग्लिश बोलता का. फोन कानाला लावला तरी वाक्य डोक्यात राहील एवढं छोटं. काही शहरांत विद्यार्थीच चालवतात अशी नाइटलाइन आहे, तिथे इंग्लिश चालतं, पण ती ठरावीक रात्रीच असते, म्हणून ती चालू असेल तेव्हाच स्क्रीनवर दिसते. बंद असलेला नंबर त्या वेळी कोणाला दाखवायचा नाही, यावर आमची टीममध्ये भांडणं झालीत पण ते ठरलंय.

जिथे एवढी घाई नाही तिथे श्टुडिरेंडनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेल-मेसची सोय बघणाऱ्या संस्थेचं, समुपदेशन, फुकट असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्लिशमध्ये मिळतं, पण थांबावं लागतं. आणि सरकारी इन्शुरन्स असेल तर ११६११७ ला फोन करून थेरपिस्टची पहिली भेट मागता येते, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ४ आठवड्यांत वेळ मिळवून देणं त्यांचं काम आहे. ही नुसती पहिली भेट हं, पूर्ण थेरपी सुरू व्हायला महिने जाऊ शकतात, आणि हे आम्ही ॲपमध्ये स्पष्ट लिहिलंय कारण खोटी आशा दाखवून काय करायचं. तिशी ओलांडून आलेले आणि लँग्वेज कोर्सवाले बऱ्याचदा स्वस्तातली प्रायव्हेट पॉलिसी घेतात, त्यात मानसोपचार वगळलेले असू शकतात, तर पॉलिसीत ते कुठे बघायचं हेही दाखवलंय. कंटाळवाणं आहे ना सगळं? आहेच. आमच्या ॲपमध्ये सूर्योदयाचे फोटो आणि पाण्याचे आवाज नाहीत.

मूड रोज नोंदवा, सात दिवस पूर्ण झाले की टाळ्या, असलं काही ठेवलं नाही. २०१९ च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याची ९३ ॲप्स बघितली होती, डाउनलोड केल्यावर ३० दिवसांनी ती उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं ३.३ टक्के. म्हणजे तुमची शंका चुकीची नाही, अशी बरीच ॲप्स फोनमध्ये नुसती पडून असतात. फक्त मी त्यावरून असा अर्थ काढते की रोज उघडावं लागेल असं काही बनवूच नये. वर्षातून दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा काम झालं तर उत्तम. चॅटबॉट पण नाही. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेला २०२३ मध्ये टेसा नावाचा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण ज्यांना डाएटच्या नादातून बाहेर काढायचं त्यांनाच तो वजन कमी करायचे सल्ले द्यायला लागला. आपल्याला नको तो उद्योग.

डेटाबद्दल तुमचा राग बरोबर दिशेने आहे, फक्त पत्ता चुकला. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ७८ लाख डॉलर भरायला लावले, कारण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटकडे गेली होती. युरोपात तब्येतीची माहिती वेगळ्या, कडक संरक्षणात येते, पण कायदा आहे म्हणून मी निवांत बसणार नाही. आमच्याकडे लॉगिन नाही, नाव नाही, ईमेल नाही, काय दाबलं ते फोनबाहेर जात नाही. आयकॉन साधा आहे, नावात "मेंटल" नाही, शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये कोणी डोकावलं तर एका टॅपला हवामानाचं पान येतं. जे गोळाच केलं नाही ते विकणार कुठून? याची किंमतही आहे, फंडिंगचा अर्ज भरताना "महिन्याचे ॲक्टिव्ह युजर" हा रकाना आला की आम्ही एकमेकांकडे बघतो, कारण आकडाच नाही आमच्याकडे. पैसे देणाऱ्यांना ते पटत नाही. नाही पटू दे. त्यापेक्षा मोठा खर्च हा की नंबर आणि वेळा बदलत राहतात, आणि दर सेमिस्टरला कोणीतरी बसून प्रत्येक सेंटरला फोन करून ते तपासावं लागतं. ते काम माणसंच करतात, काका.

तुम्ही कमेंटच्या शेवटी लिहिलंत की निदान सगळ्या मराठी मंडळांचे नंबर तरी टाका त्यात. टाकतोय. "खोली मिळत नाहीये" आणि "पैसे संपत आलेत" या दोन वाक्यांखाली, कारण तिथे मंडळासारखी मदत कोणी करत नाही, आमच्याच मंडळातल्या लोकांनी मुलांना हॉलमध्ये गाद्या टाकून दिलेल्या मी बघितल्यात. पण "घरी सांगता येत नाहीये" च्या खाली मंडळाचा नंबर जाणार नाही, आणि यावर तुम्ही अजून दहा कमेंट केल्यात तरी जाणार नाही.