कीमो घेतली तर केस कसे नाही गेले?

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी केट मिडलटनचा फोटो टाकला. ब्रिटनची भावी राणी, कॅन्सरवर मात, खाली हात जोडल्याचे दोन इमोजी. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर आलं, "कीमो घेतली म्हणते अन् केस पाहा तिचे. सगळी नाटकं आहेत." त्याखाली एका ताईंनी भर घातली, "मोठ्या लोकांचा कॅन्सरही मोठाच असते." मग हसणारे चेहरे.

नागपूरच्या मानेवाड्यात बसून लंडनच्या राजवाड्याची झाडाझडती घ्यायला आपल्याला आवडतं, त्याला माझी हरकत नाही. पण हेच वाक्य माझ्या धाकट्या जावेबद्दलही बोललं गेलंय. पाठीमागे तर कितीदा, आणि एकदा तोंडावर. म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे, वेळ असेल तर वाचा. जावेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिहा ताई, पण माझं नाव अन् कुठला कॅन्सर ते टाकू नका." टाकत नाही. औषधांची नावंही टाकत नाही, कारण तुम्ही लगेच गुगल करून "कुठला" ते शोधून काढाल. ओळखते मी तुम्हाला.

आधी केटचं. १७ जानेवारी २०२४ ला केन्सिंग्टन पॅलेसने जाहीर केलं की तिच्या पोटावर ठरलेली शस्त्रक्रिया झाली आहे, दहा ते चौदा दिवस हॉस्पिटल, आणि ईस्टरपर्यंत ती कुठल्या कार्यक्रमाला येणार नाही. आजार कॅन्सरचा नाही, असंही तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे बाई येणार कधी, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. तरी फेब्रुवारी संपेपर्यंत अर्ध्या जगाने तिला कोमात टाकलं, घटस्फोट लावून दिला, तिच्या जागी तोतया उभी केली. मार्चमध्ये ती विंडसरजवळच्या दुकानात नवऱ्यासोबत चालताना दिसली, तर ही ती नाहीच म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं सोपं.

राजवाड्यानेही आगीत तेल ओतलं, हे कबूल करायला हवं. १० मार्चला, तिकडच्या मदर्स डेला, केट आणि तीन मुलांचा फोटो प्रसिद्ध केला. तो जोडतोड केलेला निघाला. छोट्या शार्लटच्या स्वेटरची बाही मनगटाजवळ जुळत नव्हती. एपी, रॉयटर्स, एएफपी अशा मोठ्या वृत्तसंस्थांनी तो फोटो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी केटने स्वतःच्या नावाने माफी मागितली. आता सांगा, आजारी बाईने काही न सांगणं वेगळं आणि राजवाड्याने सगळं छान चाललंय असा बनवलेला फोटो दाखवणं वेगळं. पहिला तिचा हक्क आहे. दुसऱ्याबद्दल त्यांना जी बोलणी बसली ती बसायलाच हवी होती. पण लोकांनी राग काढला तो तिच्यावर.

मग २२ मार्चचा व्हिडिओ. बागेतल्या बाकावर बसून तिने सांगितलं की शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांत कॅन्सर सापडला, आणि आता खबरदारी म्हणून कीमो सुरू आहे. बेचाळीस वर्षांची बाई, तीन लहान मुलं. मुलांना समजावून सांगायला वेळ लागला, म्हणाली. मुलांच्या शाळेला ईस्टरची सुट्टी लागायची वेळ बघून हे जाहीर केलं होतं. चार दिवस सगळे वरमले. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू: व्हिडिओ एआयने बनवलाय, आधी कॅन्सर नाही म्हणाले आणि आता आहे म्हणतात, म्हणजे खोटारडे.

खोटारडे काहून? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना विचारा. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅबमध्ये जातो, त्याचे काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस सहज जातात. तोवर सर्जनसुद्धा "बहुतेक साधंच दिसतंय" म्हणतो आणि मनापासून म्हणतो. आमच्याकडे हेच झालं. टाके काढायला गेलो तेव्हा कळलं. आणि सगळं काढून टाकलं तर कीमो कशाला, हा आमच्या सासूबाईंचा प्रश्न होता. डोळ्यांना, स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी कुठे उरल्या असतील तर त्या मारायला. हे एकदा समजलं की केटची गोष्ट अगदी साधी दिसते, त्यात रहस्य वगैरे काही उरत नाही.

रिपोर्टवरून आठवलं. मार्च २०२४ मध्येच बातमी आली की केट जिथे दाखल होती तिथल्याच कर्मचाऱ्यांकडून तिची फाइल उघडून पाहण्याचा प्रयत्न झाला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने तशी तक्रार आल्याचं सांगितलं, मोठा गहजब झाला. आमच्याकडे फाइल चोरून पाहायची गरजच पडली नाही. शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने पाकीट हातात धरून रांगेसमोर जोरात विचारलं, "कॅन्सरवाला रिपोर्ट तुमचाच न?" मागून तिसरा माणूस आमच्या गल्लीतला. आम्ही घरी पोचायच्या आत सासूबाईंना फोन.

आणि मग प्रश्न. त्यांचा क्रमही ठरलेला. कुठला? कोणती स्टेज? काय खात होती? शेवटच्यावर सगळ्यात जास्त जोर. आपल्या नागपुरात त्याला कारणही आहे. पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा चौकाचौकात मिळतो, तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट प्रत्येकाने जवळून पाहिलेत, बायकाही खातात. तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात सकाळी जाऊन बघा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पार छिंदवाडा-बालाघाटपासून माणसं आलेली असतात. त्यामुळे "खर्रा खायची का?" हा प्रश्न येतो, समजू शकते मी. पण माझ्या जावेने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही हे कळल्यावर लोकांचे चेहरे पडायचे. मग शोध सुरू. प्लास्टिकच्या डब्यात जेवायची का? मायक्रोवेव्ह आहे का? फार टेन्शन घ्यायची का? एकीने तर कूलरवर घेतलं. काहीतरी असं सापडायला हवं जे ती करत होती आणि आपण करत नाही. सापडलं की विचारणारी निवांत घरी जाते.

म्हणून केटला कुठला कॅन्सर होता हे जगाला हवंय. तिने आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जेवणाची, वजनाची, तीन बाळंतपणांची चिरफाड झाली असती, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आता केस. हे एकदाचं नीट ऐकून घ्या. कीमो म्हणजे एकच औषध नाही. कितीतरी औषधं आहेत, वेगवेगळ्या मात्रेत, वेगवेगळ्या जोड्यांत. काहींनी दोन-तीन आठवड्यांत डोकं साफ होतं. काहींनी केस विरळ होतात, दुसऱ्याला कळतही नाही. काहींमध्ये फारसं काहीच होत नाही. जावेचे केस विरळ झाले, पण गेले नाहीत. एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, नात्यातल्याच एका बाईने तिच्या वेणीला हात लावला. नुसता हात नाही लावला, हलकेच ओढून पाहिली. म्हणाली, "खरेच आहेत वाटते." ही ताटातल्या वरणभाताकडे बघत राहिली. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गंमत म्हणजे तिचे केस होते म्हणून तिचा त्रास कुणाला दिसलाच नाही. बोटांच्या टोकांची जाणीव गेली होती. ब्लाउजचे हुक लावायला मी नाहीतर माझी मुलगी. भाजीवाल्याला सुटे देताना नाणं बोटांतून निसटायचं आणि तिला पत्ताच नसायचा. स्टीलच्या पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं की जिभेवर गंज चढल्यासारखं वाटायचं, म्हणून काचेचा ग्लास. त्यात मे महिना, नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात आणि तोंडावर मास्क. डोस झाल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि भेटायला येणारे नेमके तेव्हाच यायचे, कारण "आता डोस होऊन आठवडा झाला, बरं वाटत असेल." येताना गव्हांकुराचा रस, गुळवेल, पपईच्या पानांचा काढा. एक जण सर्दी घेऊन आले. केट सप्टेंबर २०२५ मध्ये वेगळ्या रंगाच्या केसांनी दिसली तेव्हा तिकडेही विग आहे का यावर पानंच्या पानं खर्ची पडली. पंगत तीच, फक्त मोठी.

कुणी म्हणेल, ती लोकांच्या पैशावर जगणाऱ्या घराण्यातली, मग लोकांना हक्क नाही का? मला इथे फरक वाटतो. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना आजारी होते, महिनोन् महिने नीट सांगितलं गेलं नाही, ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्याच आरोग्यमंत्र्यांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. जयललिता २०१६ मध्ये पंचाहत्तर दिवस हॉस्पिटलात होत्या, सुरुवात ताप आणि डिहायड्रेशनच्या बुलेटिनने झाली. तिथे लोकांनी विचारायलाच हवं होतं. फाइलवर सही कोण करतंय, राज्य कोण चालवतंय, हा प्रश्न खुर्चीचा आहे. केटच्या सहीने कुठला पगार अडत नाही की कुठला पूल रखडत नाही. ती तीन महिने दिसली नाही तर कुणाचं काय बिघडलं? फोटो बघायला मिळाले नाहीत, एवढंच.

सांगण्याचा फायदा होतो हे मात्र मी नाकारत नाही. त्याच जानेवारीत राजे चार्ल्स यांनी प्रोस्टेट वाढल्याचं उघड सांगितलं, आणि तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर त्या आजाराची माहिती वाचणाऱ्यांची एकदम झुंबड उडाली. ५ फेब्रुवारी २०२४ ला त्यांनी कॅन्सर असल्याचंही जाहीर केलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी, १९५१ मध्ये, सहाव्या जॉर्जचं अख्खं फुप्फुस काढलं तरी लोकांना कॅन्सर हा शब्द ऐकवला नव्हता, राजालाही सांगितला नव्हता म्हणतात. आपल्याकडे शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि तंबाखूबद्दल जाहीर बोलले, चांगलंच केलं. पण सांगणाऱ्याने आपल्या मर्जीने सांगावं, तेवढंच सांगावं. चार्ल्सनीही कुठला ते सांगितलेलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नव्या वर्षात उपचार कमी होणार एवढं सांगितलं आणि तपासणी करून घ्या म्हणाले. पुरे झालं की.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते पुढच्याबद्दल. सप्टेंबर २०२४ मध्ये केटने कीमो संपल्याचं सांगितलं. १४ जानेवारी २०२५ ला, आपल्याकडे ऐन संक्रांतीच्या दिवशी, रेमिशनमध्ये असल्याचं, म्हणजे आजाराच्या खुणा कमी झाल्यात किंवा सध्या दिसत नाहीत. आपल्या बातम्यांनी लगेच "कॅन्सरमुक्त" करून टाकलं. मग जून २०२५ मध्ये ती ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीला ऐनवेळी गेली नाही, तर पुन्हा कुजबुज. बरी झाली न? मग? पुढच्या महिन्यात कोल्चेस्टरच्या हॉस्पिटलात पेशंटशी बोलताना तिने जे सांगितलं ते आमच्या घरात फार वेळ बोललं गेलं. उपचार चालू असताना माणूस उसनं अवसान आणतो. उपचार संपले की सगळ्यांना वाटतं आता पहिल्यासारखं होईल, आणि खरा कठीण काळ तिथून सुरू होतो. डॉक्टरांची टीम रोज सोबत नसते आणि घरातलं पूर्वीसारखं जमत नसतं.

जावेने हे मोबाइलवर दोनदा ऐकलं. तिचे डोस संपले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. पंधरा दिवसांनी ती गॅससमोर उभी होती आणि भाजीला फोडणी दिली की नाही ते तिला आठवेना. ती नोकरी करते तिथे आधी सगळ्यांनी सांभाळून घेतलं, नंतर विचारणा सुरू झाली, "अजून थकवा? आता तर झालं न सगळं?" दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तारीख जवळ आली की आठवडाभर घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही, आणि बाहेरच्यांना ती "बरी झालेली" दिसते. केस तर आहेतच.

यंदा संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आली. दोन घरी ती गेली, वाण घेऊन आली, तिसऱ्या घरी नाही गेली. रात्री त्या बाईंचा मला फोन, "काहून नाही आली जी? तब्येत बिघडली का पुन्हा?" मी म्हटलं, तब्येत ठीक आहे. "मग?" मग काही नाही, म्हटलं, नाही आली.